पायवाटेवरचं फाटक

दोन गावांमधली पायवाट अर्ध्या तासाची, आणि मध्ये एक लोखंडी फाटक. शिंपीबुवांनी ते जन्मात कधी लावलं नव्हतं. दुकान पलीकडच्या गावात, रोजची घाई. काजं-बटणं करणारी बायको वीस पावलं मागे. ती कडी लावायची आणि ऐकवायची, "मामंजींनी शर्ट शिवायला शिकवलं, फाटक लावायला नाही."

ती जाऊन आठ महिने झाले. बुवा अजूनही फाटक उघडंच टाकत, वीस पावलं चालत, आणि मागे कडी वाजे. ते वळून पाहत नसत. चाळीस वर्षं आळसाने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं तर आवाज थांबेल, या भीतीने.

आज माहेरी आलेली लेक सोबत होती. "गुरं शिरतील हो बाबा," म्हणत तिने फाटक ओढलं, कडी घातली, वर तारेने करकचून बांधलं.

बुवा चालू लागले. वीस पावलं झाली. कडी वाजली नाही. तेवढ्यासाठी तर ते रोज दुकान उघडत होते.

मग मागे फाटक हलू लागलं. आधी हळू, नंतर गदागदा.

लेक थबकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आपल्यातलं कोणी पलीकडे राहिलंय का?"