एकमताचा ठराव

आठ हात वर गेले होते. नववा खाली होता, आणि तो सोनमचा होता.

सयाजी गुरुजी त्या एका हाताकडे बघत बसले होते. वाईच्या घाटामागची ही खोली त्यांनी वीस वर्षांपूर्वी भाड्यानं घेतली, चार पुस्तकवेडे जमवले आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू रब्बींची, म्हणजे त्यांच्या धर्मपंडितांची, वचनं मराठीत आणायचं खूळ त्यांच्या डोक्यात भरलं. गाव हसलं. कृष्णेत बुडी मारून मास्तर जेरुसलेमला निघाले, असं म्हणालं. तरी दर रविवारी मंडळ बसत राहिलं. आणि आज त्याच मंडळात गुरुजींना काढून टाकायचा ठराव आला होता.

भांडण त्या वचनांच्या पुस्तकावरून होतं. ते जुने रब्बी एकमेकांशी कडाकडा भांडत, पण हरलेल्याचं मतही त्याच्या नावासकट लिहून ठेवत. सांगलीचा प्रकाशक म्हणाला, पानं निम्मी करा. मंडळानं ठरवलं, जिंकलेली मतं ठेवू, हरलेली गाळू. गुरुजी ऐकेनात. हस्तलिखित छापायला जाणार, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं आणि सगळे गठ्ठे घरी नेले. आज सगळे त्याला चोरी म्हणत होते. का नेले, हे कुणी विचारलं नाही.

"राग धरू नका गुरुजी," अध्यक्ष लालासाहेब म्हणाले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. शिस्त मोडलेली त्यांना खपत नसे. "पाचामुखी परमेश्वर म्हणत्यात. हितं तर आठ तोंडं हायती."

गुरुजींना त्या आठांचं फारसं वाटलं नाही. सोनमचं मात्र वेगळं होतं. कवठे महांकाळला नोकरीत असताना मेंढरांमागं हिंडणाऱ्या हरणाबाईची ही पोर त्यांनी भांडून शाळेत आणली. पुढं कॉलेजसाठी वाईला आणून स्वतःच्या घरात ठेवली. आता ती मंडळाची चिटणीस होती. जग उलटलं तरी ही उलटायची नाही, एवढी त्यांना खात्री होती.

लालासाहेब तिच्याकडे वळले. "पोरी, तुझ्या एका हातानं काय अडतंय? पर एकमतानं हू दे. वहीत बरं दिसतंय."

"माझा हात खाली ऱ्हायला तरी ठराव व्हतोयच?" सोनमनं विचारलं.

"व्हतोयच."

"मग एकमतानं असंच लिवू? पुन्ना बदलायचं न्हाई."

"लिव की. समद्यांच्या सह्या घे."

सोनमनं हात वर केला.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते गुरुजींना सत्तराव्या वर्षी कळलं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. मान खाली घालून वहीत लिहीत होती, त्यांनीच पाटीवर घोटून घेतलेल्या अक्षरात. वही फिरली. आठ सह्या झाल्या, नववी तिनं केली. गुरुजी भिंतीला धरून उठले.

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, सोनम," ते म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचंही भान नव्हतं.

"बसा गुरुजी. अजून संपलं न्हाई."

तिनं वहीची पहिली पानं उघडली. तिथं मंडळाचे नियम होते. गुरुजींनीच ते हौसेनं रब्बींच्या ग्रंथांतून उचलून लिहिले होते, आणि बाकीच्यांनी तितक्याच हौसेनं, न वाचता, खाली सह्या ठोकल्या होत्या. वीस वर्षांत त्या पानांकडे कुणी फिरकलं नव्हतं. लिहिणारासुद्धा नाही.

सोनम मोठ्यानं वाचू लागली. "नियम चौदावा. जुन्या रब्बींच्या न्यायसभेत सगळेच्या सगळे एखाद्याला दोषी म्हणाले, तर त्याला सोडून देत. त्याच्या बाजूनं एकही माणूस उभा राहिला नाही, म्हणजे त्याची बाजू कुणी ऐकलीच नाही, असं ते मानत. आपल्या मंडळातही एकमतानं कुणाला काढता येणार नाही."

लालासाहेबांनी वही ओढून घेतली. नियम वाचला, त्याखालची स्वतःची सही बघितली, मग आजची बघितली.

सोनमनं आता कुठं गुरुजींकडे मान वर करून बघितलं.

"माझा हात खाली ऱ्हायला असता ना गुरुजी," ती म्हणाली, "तर तुमी गेला असता."