बारशाआधीचं

"आजी, महिन्यापूर्वी दुसऱ्या संस्थेच्या बाईंना तुम्ही चार सांगितलीत आणि मला पाच?" पाहणीवाल्या मुलीनं विचारलं.

"तिनं लेकरं विचारली, तू बाळंतपणं विचारलीस," शेंगा फोडत ठकूबाई म्हणाली. "बारशाआधी गेलेलं लेकरू आमच्यात मोजत नाहीत. शिकलेल्या बायांना विचारता येत नाही, त्याला मी काय करू?"

चुलीपाशी सुनेचा हात थांबला. सासूचंही एक गेलंय, हे तिला आज कळलं. गेल्या वर्षी तिचं दुसरं बाळ चौथ्या दिवशी गेलं, तेव्हा ठकूबाईनंच बजावलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही, रडायचंही नाही.

मुलगी सुनेकडे वळली. "ताई, तुमची बाळंतपणं किती?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. "एकच."

ठकूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"दोन लिही," ती म्हणाली. "खोटं बोलायला मीच शिकवलंय तिला."