पांढरं जॅकेट

शाळेच्या नळाला गटाराचं पाणी येतंय, चाळीस पोरं आजारी पडलीत, असं नगरसेविका बाई सभागृहात तीनदा घसा फोडून सांगून आल्या. तिन्ही वेळा टीव्हीवर चर्चा रंगली ती त्यांच्या पर्सची, केसांची आणि चपलांची. "कॅमेरे बघतात तिथेच लिहिते आता!" म्हणत चौथ्या वेळी त्या पांढऱ्या जॅकेटवर ठसठशीत लाल अक्षरांत लिहूनच गेल्या: 'शाळेच्या नळाला गटाराचं पाणी.'

संध्याकाळी त्यांचं बूड सोफ्यावर टेकत नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन आला, "अगं, टीव्ही लाव! पडदाभर तुझं जॅकेटच आहे!" बाईंनी धडपडत आवाज वाढवला.



निवेदिका हसून विचारत होती, "लाल अक्षरांत मॅडम जरा जाडच दिसतायत, नाही?"