कॅबटला थंडी वाजते

"नाक हलवू नकोस!" एफी मावशी खालून ओरडली. "कॅबटचं नाक हलत नव्हतं."

"तू बघायला गेली होतीस काय?" चौथऱ्यावरून हेडली म्हणाला.

"गप्प! पुतळे बोलत नाहीत. आणि ती कॉलर लाव, गळा उघडा टाकलायस."

"रंग वाळलाय मावशी. हात वाकवला तर कोपराची खपली पडेल."

पार्डीज कोव्ह या आमच्या कोळ्यांच्या गावात त्या सकाळी सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. चौथऱ्यावर खरं तर जॉन कॅबटचा ब्राँझचा पुतळा असायला हवा होता. तो बंदराच्या तळाशी होता. बोटीवरून उतरवताना दोर सुटला, आणि पाचशे वर्षांपूर्वी अख्खा महासागर ओलांडून आलेला तो दर्यावर्दी या खेपेला धक्क्यापासून हातभर अंतरावर बुडाला. वरून बर्फ धरलं. आता उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याला बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आणि सरकारी साहेब पाहणीला आज येणार होता. येत्या जूनमध्ये कॅबटच्या जहाजाची हुबेहूब नक्कल या किनाऱ्याला यायची होती. आमच्या उपसागरात ती एकाच गावी नांगर टाकणार, ज्या गावात स्मारक उभं असेल तिथे. नाहीतर जहाज जाणार गल आर्म गावाला. कॅबट पहिल्यांदा आपल्याच खडकावर उतरला असं छातीठोक सांगणारे ते पलीकडच्या काठावरचे लोक. आमच्याइतकेच थापाडे.

एफी मावशीने त्या जहाजासाठी शहरातल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. कॉडची मासेमारी बंद पडल्यापासून गावातली तरणी पोरं एकेक करून पश्चिमेला कामाला गेली होती. तिचे दोन्ही मुलगे त्यातच. जहाज आलं तर एका उन्हाळ्यापुरती का होईना, सगळी घरी येतील, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते जहाज आता हेडलीच्या नाकावर येऊन ठेपलं होतं.

त्यातल्या त्यात नशीब, की ख्रिसमसचे बारा दिवस चालू होते. या दिवसांत आमच्याकडे माणसं सोंगं काढून घरोघर हिंडतात. बायका पुरुष होतात, पुरुष बायका. तोंड झाकायचं, पोटावर उशा बांधायच्या, श्वास आत ओढत बोलून आवाज बदलायचा. घरच्यांनी नाव ओळखलं की तोंड उघडायचं, मग काळा केक आणि रमचा पेला. त्यामुळे सोंग सगळ्यांनाच येत होतं. पण हेडलीसारखं कुणालाच नाही. त्याला आजवर बायकोशिवाय कुणी ओळखलेलं नव्हतं.

सेलिना, त्याची बायको, गल आर्मची. "या ख्रिसमसला तरी मला आईकडे घेऊन चल," म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. हेडलीने कबूल केलं, आणि नेमका पुतळा बुडाला. "मग कॅबटशीच संसार कर," असं सुनावून ती एकटीच माहेरी निघून गेली. शिडाच्या कापडाचा झगा, दोराची दाढी आणि वरून बोटीचा हिरवा रंग असा हेडली चौथऱ्यावर चढला तेव्हा ती पलीकडच्या काठावर होती.

"आला! आला!"

बर्फावरून एक स्नोमोबाइल घरघरत आली. साहेब चांगला गरगरीत होता. डोळ्यांना काळा चष्मा, त्याच्या खाली नाकातोंडावरून मफलर. एफी मावशीने पुढे होऊन त्याचा हात जोरजोरात हलवला.

"घसा धरलाय," साहेब धापा टाकत, श्वास आत ओढत म्हणाला. "हाच का तुमचा कॅबट?"

"हाच! बघा ना साहेब, अगदी जिवंत वाटतो."

मागे कुणीतरी खुसखुसलं. मावशीने मागे बघून डोळे वटारले.

साहेबाने पुतळ्याभोवती एक चक्कर मारली. "याला बायकोपोरं होती ना?"

"होती की. तिकडे इंग्लंडात."

"त्यांना सोडून इकडे आला?"

"मोठं काम होतं साहेब."

"परत गेला?"

"एकदा गेला. पुन्हा निघाला, तो मात्र..." मावशी अडखळली. हे असलं काही विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. "समुद्राचं काय सांगावं साहेब."

"म्हणजे ती बसली वाट बघत," साहेब म्हणाला. "आणि पुतळा याचा."

साहेब चौथऱ्याच्या पायरीवर चढला. हातमोजा घातलेला हात त्याने वर नेला आणि पुतळ्याची उघडी कॉलर ओढून गळ्याशी नीट खोचली. वाळलेल्या रंगाची एक खपली सुटून बर्फावर पडली.

एफी मावशीने ती खपली घाईघाईने बुटाखाली दाबली. कापड! साहेबाला कापड लागलं हाताला! संपलं. जहाज गेलं गल आर्मला.

आणि तेवढ्यात कॅबटचे ओठ हलले.

"सेलिना," पुतळा म्हणाला. "ओळखलं तुला. तोंड उघड."

चष्मा वर गेला, मफलर खाली आला. लालबुंद गाल, वाहणारं नाक, आणि हसू दाबून दाबून भरलेले डोळे.

"ओळखलंस, नशीब तुझं," सेलिना पोटावरची उशी सावरत आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "आता तोंड मिट आणि सरळ उभा राहा, मेल्या. आमच्या गल आर्मवाल्यांनी पुतळा बुडाल्याचं साहेबापाशी ओकलंय, आणि खरा साहेब खात्री करायला टेकडी उतरतोय."