फक्कीच्या दोन खुणा

बंद पडलेल्या कचरा डेपोला खेटून इमारत उभी राहणार होती. माती तपासायला भोकं जिथे पाडायची, तिथे इंजिनिअरबाईंनी फक्कीने खुणा केल्या. डेपोकडच्या दोन खुणा पाहून बिल्डरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ताई, ही दोन गेटकडे घ्या की. मोजायला भोकं तेवढीच भरतील.”

“शेठ, इथे खाली गॅस साठलेला असू शकतो. वर लोकांची स्वयंपाकघरं येणार आहेत.”

“अहो, तो कचरा कधीच मेला. मेलेल्याचं पोट कशाला फाडताय? आणि तुम्हाला जड जात असेल, तर सही करणारे पुष्कळ आहेत.”

हातचं काम जाणार, हे बाईंना दिसतच होतं. त्यांनी मुकाट्याने फक्कीची पिशवी उचलली.

“शहाण्या आहात,” बिल्डर खूश झाला. त्याने सिगारेट ओठांत धरली, लायटर काढला, पायाखालच्या खुणेकडे पाहिलं आणि सिगारेट पेटवायला रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

बाईंनी त्या दोन्ही खुणा आणखी ठळक केल्या.