चर्चमधलं कोकरू

सोलापुरातल्या जुन्या चर्चमधल्या नव्या चित्रात मेंढपाळ म्हणून आपणच आहोत, असं हरिबानं गावभर सांगितलं. खांद्यावर कोकरू घेऊन तो चित्रकारापुढं दिवसभर उभा राहिला होता. भावकीला ती थापच वाटली, म्हणून नाताळच्या गाण्यांना त्यानं सगळ्यांना टेम्पोत घालून आणलं. चित्रातला मेंढपाळ गोरापान, निळ्या डोळ्यांचा निघाला. “दाजी, लई उजळलासा की,” मेव्हणा म्हणाला. बायका पदरात हसल्या. “चेहरा कमिटीनं बदलायला लावला,” चित्रकार म्हणाला, “कोकराला मात्र मी हात लावू दिला नाही.” हरिबाच्या बायकोनं निरखून पाहिलं. “व्हय की, आपलंच हाय. फाटका कान बगा.” हरिबाची मान ताठ झाली. गाणी सुरू झाली. “मोठं झालं असेल आता. त्यालाही आणायचं की,” चित्रकार कुजबुजला. बिरोबाच्या जत्रेत त्याचाच रस्सा ओरपलेली भावकी एकदम मन लावून गाणी ऐकू लागली.