वेळ पाळणारं भूत

सूचनेतलं गणित तिचं होतं. वेळ तिनं काढलेली, शब्दसुद्धा तिचेच. खाली नाव मात्र आत्याचं. एकट्या आत्याचं.

भाचीनं पडद्यावरची ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. सूचना सकाळीच जगभरच्या वेधशाळांना गेली होती. आता परत बोलावता येणार नव्हती.

"राबायचं भाचीनं आणि मिरवायचं आत्यानं!" शेजारी दुर्बिणीचे स्क्रू निवडत बसलेला मिस्त्री पुटपुटला. "वेधशाळेच्या प्रमुख झाल्या म्हणून काय झालं?"

"गप बसा हो," ती म्हणाली. पण शब्द जिव्हारी लागले.

कितीतरी दिवस ती एका लघुग्रहाचा उजेड मोजत होती. लघुग्रह म्हणजे तरी काय, सूर्याभोवती हिंडणारा ओबडधोबड दगड. तो गिरक्या घेतो तसा त्याचा उजेड कमीजास्त होतो, आणि आलेखावर एकसारखी लाट उमटते. या लाटेत मात्र मध्येच खळगे पडत होते. अशा न जुळणाऱ्या ठिपक्यांना या वेधशाळेत 'भुतं' म्हणत. ढग असो, दव असो, नाहीतर कॅमेऱ्याचा रुसवा. निकाल पाठवण्याआधी भुतं उतरवायची, म्हणजे चक्क पुसून टाकायची, हा इथला शिरस्ता.

"उतरव," आत्या परवा म्हणाली होती.

"आत्या, भूत कधी घड्याळ बघून येतं का गं? हे येतंय! गाणारा समेवर यावा तसं, नेमकं. तो दगड एकटा नाहीये. त्याच्याभोवती दुसरा फिरतोय. आडवा आला की उजेड झाकतोय."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग पुढचं कधी येणार ते काढ. सगळ्या जगाला सांगू."

ती वेळ आज दुपारची निघाली. इथं लख्ख ऊन; दगड दिसणार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं रात्र होती. म्हणजे सगळी भिस्त परक्यांच्या डोळ्यांवर. दुपार कलली. चहा गार झाला. भाची रागानं धुमसत होती, तरी मनातल्या मनात तिनं हात जोडलेच होते. देवा, नाव कोणाचंही लागू दे, पण त्या दगडाचं ते धाकटं पोर तिथं असू दे.

पलीकडच्या एका वेधशाळेतून फोन आला. आपल्या खोलीतून आलेल्या आत्यानं तो उचलला, ऐकलं, "पुन्हा सांगा" म्हणाली आणि आवाज मोठा केला.

"खळगा आला! अगदी तुम्ही सांगितलेल्या वेळी. जोडीच आहे ही!"

मिस्त्रीच्या हातातले स्क्रू खोलीभर उधळले.

आत्या संगणकापुढे बसली. शोधाची घोषणा करायची होती. शोधकर्त्याच्या जागी तिनं भाचीचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यापुढे पूर्णविराम दिला.

"आणि तुझं?" भाची गोंधळली. "सकाळी तर तू नुसतं स्वतःचंच..."

"सकाळी हे खरं की खोटं, कोणाला ठाऊक होतं?" आत्याचा ऊर भरून आला होता, पण मान ताठ होती. "खोटं ठरलं असतं तर जग हसलं असतं. ते हसू माझ्या नावावर चाललं असतं, पोरी. तुझ्या नावावर नसतं चाललं."